फुंकून दाखवा

आमच्या सर्जिकलच्या दुकानात दुरुस्तीला सगळ्यात जास्त काय येत असेल, तर नेब्युलायझर. काझी कॅम्प, शाहजहानाबाद, छोला, चांदबड या भागांतून माणसं ते पिशवीत घालून आणतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "भैया, भाप नहीं आ रही." मोटर तर घरघरत असते. मी बाजूची बारीक जाळी काढतो. आतला पांढरा स्पंज धुळीनं काळा ठिक्कर पडलेला. किरकोळ किमतीचा तो तुकडा बदलला की मशीन पुन्हा चालू. स्पंज अधूनमधून बदलायचा असतो, हे मशीन घेताना त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसऱ्या शहरांत हे मशीन घेतात ते बहुतेक लहान मुलांच्या कफासाठी. पावसाळा सरला की ते माळ्यावर जातं. जुन्या भोपाळात ते पन्नाशी-साठीच्या माणसांसाठी घेतलं जातं आणि माळ्यावर कधी जातच नाही. घरी वापरायच्या उपकरणांचा इतिहास आपण सहसा सोयीचा इतिहास म्हणून सांगतो: यंत्र लहान झालं, स्वस्त झालं, म्हणून घरात आलं. भोपाळची गोष्ट वेगळी आहे. इथं श्वास मोजणारं यंत्र आधी माणसाबद्दल निकाल द्यायला वापरलं गेलं. तो निकाल लागून फायली बांधून झाल्यावर, खूप उशिरा, श्वास मोजणारी आणि पुरवणारी यंत्रं लोकांनी आपल्या पैशानं घरी नेली.

माझे वडील नागपूरचे. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबं ट्रंका-वळकट्या घेऊन या तलावांच्या गावी उतरली. वडील कंपाउंडर, त्याच लोंढ्यात आले. आम्ही तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. निवृत्तीच्या आधीच वडिलांनी जुन्या शहरात दुकानाचा गाळा घेतला होता, पुढे तो माझ्याकडे आला. त्या काळी घरात उपकरणं म्हणजे पाऱ्याचा थर्मामीटर, गरम पाण्याची रबरी पिशवी, एनिमाचा डबा आणि वाफाऱ्याचं पातेलं. ज्या घरी मधुमेह, त्या घरी आणखी दोन वस्तू असत: काचेची सिरिंज आणि बेनेडिक्टची बाटली.

आमच्या आजीला मधुमेह होता, त्यामुळे या दोन्ही वस्तूंशी माझी लहानपणापासून ओळख. वडील सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवायचे. टेस्टट्यूबमध्ये पाच मिलिलिटर निळं द्रावण, त्यात ड्रॉपरनं लघवीचे आठ थेंब. नळी चिमट्यात तिरकी धरून, सतत हलवत उकळायची, नाहीतर द्रावण उसळून बाहेर उडतं. मग गार होऊ द्यायची आणि उजेडाकडे धरायची. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं आलं तर थोडी, पिवळं-नारिंगी आलं तर वाढलेली, आणि विटकरी आलं की आजीचा त्या दिवशीचा आंबा बंद. इन्सुलिनची सिरिंज उकळून ठेवायची, सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासायची. हे सगळं रीतसर शिकलेला माणूस घरात होता म्हणून आमचं निभलं. पण एक गोष्ट खरी: नळीतला रंग आजी स्वतः पाहायची, त्यावर वाद घालायची आणि रात्रीच्या भाकरीचा निर्णय तीच घ्यायची. घरच्या उपकरणाचा खरा उपयोग मी तिथं पाहिला. आकडा रोग्याच्या हातात असला की रोगी बोलायला लागतो.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री आमच्या भागात फारसं काही झालं नाही. वारा जुन्या शहराकडे होता. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ई-610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, मिथाइल आयसोसायनेट तापलं आणि सुमारे 40 टन वायू बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत पसरला. समोरच्या जयप्रकाश नगरातली माणसं झोपेतून उठून पळाली. जितकं जोरात धावले तितका श्वास खोल गेला, आणि श्वासाबरोबर वायूही. ओला कपडा तोंडावर धरून पडून राहिलेले काही जण त्यामुळे वाचले. पाण्याशी अभिक्रिया होते म्हणून हा वायू डोळे, घसा, श्वासनळी असा जिथं ओल आहे तिथं भाजत जातो. जे जगले त्यांच्यातल्या अनेकांच्या बारीक श्वासनलिका भरून येताना आकसल्या, कुणाची फुप्फुसं तंतुमय झाली. ही इजा एका पावसाळ्यात बरी होणारी नव्हती.

हे फार लवकर ओळखणाऱ्यांमध्ये मुंबईची मंडळी होती. केईएम रुग्णालयाच्या छातीरोग विभागाचे डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी वायूची बाधा झालेल्या 113 रुग्णांची तपासणी केली, फुप्फुसांच्या चाचण्या घेतल्या आणि 1985 मध्येच निष्कर्ष छापले. पुढेही त्यांनी या रुग्णांचा पाठपुरावा केला. त्याच वर्षी मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या गटानं, ज्यात महाराष्ट्रातले कार्यकर्तेही होते, जयप्रकाश नगर आणि कारखान्यापासून दूरचं अण्णा नगर या दोन वस्त्यांची तुलना करून पाहणी केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 80 हजारांवर बाधितांची नोंद करून दीर्घ अभ्यास सुरू केला. तो 1994 मध्ये थांबवला. म्हणजे इजा दीर्घकाळ राहणार हे कळायला साधनं होती आणि माणसंही होती.

मग दाव्यांचा काळ आला. 1987 पासून वैद्यकीय फायली भरल्या जाऊ लागल्या. माणसाला बोलवायचं, कागद पाहायचे, काहींना स्पायरोमीटरवर फुंकायला लावायचं. "लंबी साँस लो, ज़ोर से फूँको, और, और, और." एका सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून अडथळा ठरतो. यंत्र चांगलंच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण प्रत्येकाची ही चाचणी झाली असंही नाही. ज्याच्याकडे त्या दिवसांतला दवाखान्याचा कागद नव्हता, त्याची बाजू सुरुवातीलाच लंगडी पडली. गॅसच्या रात्री पळणाऱ्या माणसानं केसपेपर कुठून जपायचा?

ऑक्टोबर 1990 अखेरचा हिशेब पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आला. वर्गवारी झालेल्या फायली 3,58,712. त्यांतल्या 1,55,203 जणांना इजा नाही. 1,73,382 जणांना तात्पुरती इजा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलेले सगळ्या शहरात मिळून 40. त्याच्या आधी, फेब्रुवारी 1989 मध्ये, 47 कोटी डॉलरमध्ये तडजोड झालेलीच होती. 1990 पासून महिना दोनशे रुपये अंतरिम मदत मिळू लागली. अंतिम भरपाईत बहुतेकांच्या हाती 25 हजार पडले आणि 2004 नंतर पुन्हा तेवढेच.

हे 'तात्पुरते' लोक माझे गिऱ्हाईक. आजही आहेत. फुंकायच्या चाचणीतली एक अडचण मला डॉक्टरांशी बोलून-बोलून समजली. ज्याच्या श्वासनलिका संवेदनशील झाल्या आहेत, त्याचा श्वास दिवसभर सारखा नसतो. पहाटे तो सगळ्यात वाईट असतो, दुपारपर्यंत सुधारतो. असा माणूस सकाळी अकराला कचेरीच्या रांगेत उभा राहून फुंकतो, तेव्हा आकडा बरा येऊ शकतो. पहाटे चारला तो खाटेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून हवा ओढत होता, याची नोंद करायला तिथं कोणी नव्हतं. एका दिवसाचा, एका वेळेचा आकडा घेऊन कुणाची इजा तात्पुरती आहे हे ठरवणं म्हणजे उन्हाळ्यात घर पाहून ते गळत नाही असं लिहून देण्यासारखं.

श्वासासाठी घरात आलेलं पहिलं खरं उपकरण म्हणजे इनहेलर. लोकांच्या तोंडी 'पंप'. जगात तो आला 1956 मध्येच, आमचं कुटुंब भोपाळला आलं त्याच वर्षी. अमेरिकेतल्या रायकर कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं होतं, सेंटसारखी फवाऱ्याच्या डबीत औषध का नाही भरता येत? तिथून मेडिहेलर निघाला. 1969 मध्ये साल्ब्युटामॉल आलं. आपल्याकडे हे पंप घरोघरी पोचवण्यात मुंबईच्या सिप्लाचा मोठा वाटा. तरीही जुन्या भोपाळात पंप विकणं नव्वदच्या दशकात सोपं नव्हतं. "पंप लग गया तो छूटेगा नहीं," ही भीती घट्ट होती, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर पंप गादीखाली जायचा. लोक गोळी मागायचे.

मी हिशेब मांडून दाखवायचो. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध. गोळी 4 मिलिग्रॅमची. म्हणजे एक गोळी चाळीस फवाऱ्यांइतकी. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथं दुखणं आहे तिथंच जातो. हे ऐकून काही जण पटकन पंपाकडे वळायचे, काही जण "अच्छा" म्हणून गोळ्यांची पट्टी घेऊन जायचे.

पंप घेतला तरी तो ओढता यायला हवा. डबी दाबणं आणि श्वास आत घेणं एकाच वेळी जमलं नाही तर औषध घशावरच बसतं. यासाठी मध्ये पोकळ नळकांडं लावतात, स्पेसर. त्याची किंमत अनेकांना परवडायची नाही. केपटाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एक अभ्यास छापला: थंड पेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीपासून घरी केलेला स्पेसर दम लागलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी तो मला समजावला. आम्ही दुकानात जाड तार वाकवून पंपाच्या तोंडाच्या आकाराची लंबगोल कडी केली, गॅसवर तापवली आणि बाटलीच्या बुडाला टेकवली. प्लास्टिक वितळून भोक पडतं, ते गरम असतानाच पंप त्यात बसवून पाहायचा. फट राहिली तर उपयोग नाही. मग बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवायची. पुसली की प्लास्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध भिंतींनाच चिकटतं. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, एक फवारा, चार-पाच सावकाश श्वास. गिऱ्हाइकाच्या घरी बाटली असेल तर आम्ही पैसे घेत नसू.

नेब्युलायझर नंतर आलं. त्यात ओढायचं कसब लागत नाही. मास्क लावून दहा मिनिटं बसलं की झालं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना ते आवडलं. पण त्याला वीज लागते. 2003 च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात सरकार पडलं ते वीज, रस्ता आणि पाणी या तीन शब्दांवर. त्या आधीची दोन-तीन वर्षं भारनियमनाची वेळ पाहून लोक वाफ घ्यायचे. लाइट जायच्या आधी दहा मिनिटं घरातल्या दोघांना पाळीपाळीनं मास्क. एका मास्कवर दोघं नकोत, हे सांगता-सांगता माझा घसा सुकायचा.

या काळात दवाखानेही उभे राहिले होते. संभावना ट्रस्टचं क्लिनिक 1996 मध्ये सुरू झालं. तिथं आधुनिक औषधांबरोबर योग आणि आयुर्वेदही आहे. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून उभं राहिलेलं भोपाळ मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. गॅस राहत विभागाची रुग्णालयं होतीच. औषधं मिळायची. पण दमा आठवड्यातून एकदा दवाखान्याच्या वेळेत येत नाही. रात्री दोनला तो आला तर घर हाच वॉर्ड असतो, आणि नर्स म्हणजे सून किंवा मुलगी.

शाहजहानाबादच्या एक खाला माझ्याकडे येत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी पीक फ्लो मीटर घेतलं. ही एक साधी प्लास्टिकची नळी. फुंकलं की लाल काटा सरकतो आणि मिनिटाला किती लिटर वेगानं हवा सुटली ते दिसतं. वीज नको, दुरुस्ती नको. खालांच्या नातीनं शाळेच्या जुन्या वहीत दोन रकाने आखले, सकाळ आणि संध्याकाळ. सकाळी 140, संध्याकाळी 210. सकाळी 130, संध्याकाळी 200. थंडीत, डाळीला फोडणी देण्याच्या वेळी, शेजारी कचरा जाळला त्या दिवशी आकडा कसा घसरतो ते वहीत दिसायचं. एकदा वही काउंटरवर उघडून त्या म्हणाल्या, "बेटा, ये कॉपी उस वक़्त होती तो मैं उनके मुँह पर रख देती." त्यांच्या फायलीत तात्पुरती इजा लिहिलेली होती. डॉक्टरांनी मात्र वही पाहून पहाटेच्या औषधाची वेळ बदलली आणि त्यांची झोप परत आली. वहीचा एवढा उपयोग तरी झाला.

2020 मध्ये सगळ्या जगाला बोटाचं ऑक्सिमीटर माहीत झालं. या यंत्राचं तत्त्व 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलं. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे लाल आणि अवरक्त प्रकाश कमी-जास्त शोषला जातो, आणि नाडीबरोबर होणारा बदल तेवढा वेगळा काढला की आकडा मिळतो. आओयागी एप्रिल 2020 मध्ये वारले, नेमकं त्यांचं यंत्र घरोघरी जात असताना. आमच्या गिऱ्हाइकांसाठी ते नवं नव्हतं. मी विकताना तेव्हाही सांगायचो आणि आताही सांगतो: बोट गार नको, नखपॉलिश नको, काळी मेंदी नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्र बरा आकडा दाखवतं, हे गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडतं. मोजणाऱ्या यंत्रालाही माणसाची कातडी दिसते, हे भोपाळकरांना वेगळं सांगायला नको होतं.

मार्च 2020 मध्ये भोपाळ मेमोरियल कोविडसाठी राखून ठेवलं गेलं आणि गॅसपीडितांसाठीचे दरवाजे बंद झाले. शहरात कोविडनं गेलेल्या पहिल्या रुग्णांत गॅसपीडितांचाच भरणा होता. संघटनांनी आवाज उठवल्यावर एप्रिलमध्ये तो निर्णय मागं घेतला गेला. त्या आठवड्यांत, आणि मग 2021 च्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन घरी आला. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटरनं साडेबारा तास. मग पुन्हा भरायला रांग. म्हणून ज्यांना कायमचा ऑक्सिजन लागतो त्यांनी कर्ज काढून कॉन्सन्ट्रेटर घेतले. हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांमध्ये अडकवतं आणि नव्वद टक्क्यांवर ऑक्सिजन नळीत सोडतं. मागचा जाळीचा फिल्टर आठवड्याला धुवावा लागतो, यंत्र भिंतीपासून हातभर लांब ठेवावं लागतं, आणि दहा बाय दहाच्या खोलीत त्याचा आवाज नि उष्णता दोन्ही सोसावी लागतात.

आता त्याचा शेवटचा हिशेब. फुप्फुसं कायमची निकामी होत आलेल्या रुग्णाला दिवसाला किमान पंधरा तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढतं, हे 1980 आणि 1981 च्या दोन मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केलं. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॉट वीज खातो. पंधरा तासांची सव्वापाच युनिट. महिन्याला सुमारे 157. राज्याच्या गृह ज्योती योजनेत पहिली शंभर युनिट शंभर रुपयांत मिळतात, पण महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत असेल तरच. म्हणजे घरात एकही दिवा, एकही पंखा न लावता नुसता श्वास चालू ठेवला तरी ते कुटुंब सवलतीच्या बाहेर.

नुकसानभरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची क्युरेटिव्ह याचिका सर्वोच्च न्यायालयानं 14 मार्च 2023 ला फेटाळली. जुन्या वर्गवाऱ्या आता उलटणार नाहीत, हे मी धरून चालतो. पण घरातलं यंत्र हा उपचार आहे आणि त्याची वीज हे औषध आहे, एवढं मानायला कुठल्या न्यायालयाची गरज नसावी. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून यंत्राची ती युनिट वेगळी मोजता येतील. वीज कंपनीच्या मीटरला घरात किती वीज जळाली ते युनिटबरहुकूम कळतं; ती कशासाठी जळाली हे लिहायला बिलावर एक रकाना हवा.